दोडक्याची फाईल

“माझ्या ऑफिसातून आता कागदाचा कपटासुद्धा परक्याच्या हाती लागायचा नाही. लिहून घ्या,” असं ॲडव्होकेट बुद्धरत्न ओव्हाळांनी कोर्टाच्या कँटीनमध्ये छातीठोकपणे जाहीर केलं. ऐकणाऱ्या वकिलांनी माना डोलावल्या, कारण चहाचं बिल ओव्हाळ देणार होते. पण माणसाने अशी वाक्यं चारचौघांत बोलू नयेत. भल्याभल्यांचा तोरा उतरवायला आपल्याकडे चाकणचा ट्रॅफिक बसलेलाच आहे.

ओव्हाळांचं ऑफिस पिंपरीत, एका मेडिकलच्या दुकानावर. दोन खोल्या आणि तीन माणसं. एक ते स्वतः. दुसरी त्यांची ज्युनियर सिद्रा अत्तार, हुशार, भरभर बोलणारी आणि कोर्टात उभं राहायचं म्हटलं की अजूनही घशाला कोरड पडणारी. तिसऱ्या केसरबाई. ऑफिस उघडलं त्या दिवसापासून त्या तिथे आहेत. फायली लावायच्या, कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोचून वावरायचं आणि पक्षकाराचा चेहरा बघून चहात साखर किती घालायची ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यांचा साखरेचा अंदाज फारसा चुकत नाही.

ओव्हाळांच्या डोक्यात हे माहिती सांभाळायचं खूळ शिरलं ते एका व्याख्यानातून, असं लोक म्हणतात. खरं म्हणजे ते शिरलं भज्यांतून. एकदा मोशीला गाडी थांबवून त्यांनी कांदाभजी घेतली आणि खाता खाता खालचा कागद वाचला. कुठल्याशा वकिलाच्या रद्दीतून आलेलं ते प्रतिज्ञापत्र होतं. एका बाईने नवऱ्याचा मार, सासूचे टोमणे, सगळं त्यात सांगितलं होतं, आणि त्यावर तेलाचा डाग पसरत चालला होता. त्या बाईने हे आपल्या आईलाही सांगितलं नसेल, असं ओव्हाळांना वाटलं आणि पुढचं भजं घशाखाली उतरेना. तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला आणि घरी जाऊन चुलीत, म्हणजे गॅसवर, जाळला. शर्टाच्या खिशाला पडलेला डाग मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

त्यानंतर मग वकील संघटनेचं ते व्याख्यान झालं. बाकीचे जेवणापुरते आले होते, ओव्हाळ मात्र पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात कायदे सुरू झाले. आजवर कागद छापायचा म्हणजे खालच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप करायचा आणि ओरडून सांगायचं, “दोन प्रती काढ रे.” त्याच्या कॉम्प्युटरवर निम्म्या पिंपरीची भांडणं उघडी पडलेली असायची. ते बंद झालं. ऑफिसातच छपाईचं मशीन आलं. फायलींवर पक्षकारांची नावं नकोत म्हणून भाज्यांची नावं आली. महाळुंग्याच्या कामगारांची केस म्हणजे गवार, मारुंजीच्या एका आयटीतल्या जोडप्याचा घटस्फोट म्हणजे पडवळ, आणि कुरुळीच्या रोशनबींची खानावळ म्हणजे दोडका. कॉम्प्युटरचा पासवर्ड एकट्या सिद्राकडे आणि कपाटाच्या किल्ल्या केसरबाईंकडे. स्वतः ओव्हाळांकडे काहीच नाही. ‘ऑफिसात सगळ्यात आधी फसतो तो साहेब,’ असं व्याख्यात्याने सांगितलं होतं, आणि ओव्हाळांनी ते मोठ्या मनाने मान्य केलं होतं.

एवढ्यावर थांबते तर ते ओव्हाळ कसले. त्यांनी परीक्षा घेतली. नवीन सिमकार्ड आणलं, त्यावर स्वतःचा फोटो लावला आणि दोघींना मेसेज टाकला, ‘माझा फोन बंद पडला आहे. दोडक्याची फाईल या नंबरवर ताबडतोब पाठवा.’ मग बाहेरच्या खोलीत काय होतं ते दाराआडून ऐकत उभे राहिले.

“केसरमावशी, कुणीतरी सरांच्या नावाने मेसेज टाकलाय.”

“मलाबी आलाय. मुडदा बशिवला त्याचा. काढून टाक.”

ओव्हाळ बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मुलगी बोर्डात आल्यासारखा झाला होता. त्यांनी स्वतः जाऊन जिलबी आणली आणि दोघींना उभ्याउभ्या भाषण दिलं. “पास! दोघी पास. पण अशा परीक्षा पुन्हा होतील, कधीही होतील. हल्ली आवाज नकली बनवतात, व्हिडिओवर चेहरासुद्धा नकली बनवतात. मी स्वतः फोन केला, गयावया केली, शपथा घातल्या, तरी द्यायचं नाही.”

“आन् खरंच तुमीच असला तर?” केसरबाईंनी जिलबी खात विचारलं.

“तरी नाही. समोर बघून खात्री झाल्याशिवाय नाही.”

म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. हा हात ओव्हाळांनी जिलबीसकट दाखवला.

दुसऱ्या दिवशी दोडक्याची, म्हणजे रोशनबींची, तारीख होती. रोशनबी या कुरुळीच्या विधवा बाई. कंपन्यांच्या पाळ्यांत राबणाऱ्या, घरापासून लांब राहणाऱ्या पोरांना त्या दोन वेळचं जेवू घालत. खानावळ खंडूशेठच्या शेडमध्ये. खंडूशेठने एके काळी त्यांना मेसेज लिहिले होते, ‘भाभी, खानावळ चालती तवर शेड तुमची. पोरं उपाशी नकोत.’ पुढे त्या शेडला गोदामवाल्याचं गिऱ्हाईक आलं आणि खंडूशेठला आपण असं काही लिहिल्याचं आठवेना. ओव्हाळांनी शेडला कुलूप लावण्याविरुद्ध खेडच्या कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. त्याची मुदत आज संपत होती. तो पुढे चालू राहायचा तर ते मेसेज आज कोर्टासमोर ठेवायलाच हवे होते. रोशनबींचा तो फोन मध्यंतरी रश्श्याच्या पातेल्यात पडून वारला होता. राहिल्या होत्या त्या सिद्राने आधीच छापून ठेवलेल्या प्रती, कपाटातल्या दोडक्याच्या फाईलमध्ये.

सकाळी ओव्हाळ केसरबाईंकडून फाईल मागून घेऊन, ती काखेत मारून निघाले आणि कुरुळीच्या फाट्यावर त्यांनी रोशनबींना गाडीत घेतलं. चाकणच्या चौकाच्या अलीकडे एक कंटेनर रस्त्यात आडवा होऊन बसला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, डावीकडे कंपनीची बस आणि उजवीकडे सळया भरलेला ट्रक. “सुनावणी जेवणाच्या सुट्टीनंतर आहे, पोचू आरामात,” असं म्हणत ओव्हाळांनी वेळ जावा म्हणून फाईल उघडली.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘कुत्र्याचा ताबा कुणाकडे राहील याबाबत...’

ओव्हाळांनी फाईल झटकन मिटली. हे पडवळ होतं. दोडका ऑफिसातच राहिला होता. भाज्यांची नावं त्यांनीच ठेवली होती आणि सकाळच्या घाईत त्यांना एवढंच आठवलं होतं की भाजी लांबट आहे.

“काय झालं, वकीलसाहेब?” रोशनबींनी विचारलं.

“सांगतो. आधी एक फोन करतो.”

सिद्राने पहिल्याच रिंगला फोन उचलला. “सर, गुड मॉर्निंग.”

“सिद्रा, घोटाळा झालाय. मी चाकणच्या अलीकडे अडकलोय आणि पडवळ घेऊन आलोय. दोडक्यातल्या मेसेजांचे फोटो काढून माझ्या फोनवर पाठव. कोर्टाजवळ छापून घेतो.”

मग सिद्राच्या आवाजात हसू आलं. “सर, आज फारच छान जमलंय. हॉर्नचे आवाजसुद्धा आहेत.”

“अगं, हॉर्न खरे आहेत!”

“नाही पाठवणार, सर.” आणि जिलबीची वाट बघणाऱ्या आवाजात तिने फोन ठेवला.

ओव्हाळांनी पुन्हा लावला. तिने पुन्हा नम्रपणे नकार दिला. मग त्यांनी रोशनबींचा नवा फोन मागून घेतला आणि त्यावरून लावला. याला म्हणतात आगीत तेल. आता नंबरही अनोळखी, आणि फोन उचलला केसरबाईंनी.

“कोन पायजे?”

“केसरबाई, मी ओव्हाळ.”

“कालचाबी ओव्हाळच व्हता. ठिवा.”

मग व्हिडिओ कॉल. सिद्राने फोन भिंतीला टेकवला आणि त्याच्यासमोर दोघी शेजारी शेजारी बसल्या. “सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, नकली चेहऱ्याला मान वळवायला लावा म्हणून? जरा डावीकडे बघा.” ओव्हाळांनी डावीकडे बघितलं. “आता उजवीकडे. आता नाकाला हात लावा.” ओव्हाळांनी नाकाला हात लावला. शेजारच्या ट्रकवाल्याने खिडकीतून वाकून रोशनबींना विचारलं, “मावशी, साहेबांची मान आखडली काय?”

केसरबाई बारकाईने स्क्रीनकडे बघत होत्या. “चेहरा तर हुबेहूब साहेबांचाच हाय,” त्या म्हणाल्या. ओव्हाळांच्या जिवात जीव आला. “म्हंजे कारागीर चांगला मिळालाय. बंद कर.”

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी बायकोला, अपेक्षाताईंना, फोन केला. त्या चिंचवडला बँकेत होत्या आणि तिथून ऑफिस जवळ होतं. समोर जाऊन बायकोनेच सांगितलं तर दोघी ऐकतील, असा त्यांचा हिशेब. पण बँकेत गर्दी होती, आणि ओव्हाळ घाबरून अगदी मऊ झाले होते. “अपेक्षा, प्लीज, माझं एवढं एक काम कर ना गं.”

“कोण बोलतंय?” अपेक्षाताई म्हणाल्या. “आमचे हे प्लीज म्हणत नाहीत.” आणि फोन कट झाला.

गाडी अजून हलली नव्हती. ओव्हाळांनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. रोशनबी आता हळूच बोलल्या.

“कागद न्हाई आला, तर काय हुईल?”

ओव्हाळ पक्षकाराशी खोटं बोलत नसत. “हुकूम संपेल, रोशनबी. खंडूशेठ आज संध्याकाळीच कुलूप लावेल.”

रोशनबींनी पदर सावरला. “भांडी आत हायत सगळी. त्याचं काय न्हाई, भांडी परत आनता येत्यात. पन दुसऱ्या पाळीची पोरं सुटून येतील, त्यांना म्हाईतच नसंल. दारात उभी ऱ्हातील.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “आन् मी उद्याची मटकी भिजत घातलीय. म्हटलं, आपले वकीलसाहेब हायत.”

ओव्हाळ वकिलांनी अनेक युक्तिवाद ऐकले होते, पण भिजत घातलेल्या मटकीचा हा पहिलाच. आपण या बाईचं गुपित इतकं जपलं की ते तिच्याच कामी येईना, हे त्यांना कळलं. त्या मेसेजांवर बाईचा संसार टिकून होता, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने कपाटात कोंडले होते.

त्यांनी पुन्हा सिद्राला फोन लावला. या वेळी मागितलं काहीच नाही. “सिद्रा, तू काहीही विचार. फक्त मलाच माहीत असेल असं.”

सिद्राने विचारलं, “मी पहिल्यांदा कोर्टात उभी राहिले, तेव्हा काय झालं होतं?”

“तुझी वाचा बसली होती. जजसाहेबांनी दोनदा म्हटलं, ‘पुढे बोला,’ आणि तू नुसती उभी.”

“ते सगळ्या कोर्टाने पाहिलंय. तुमच्या हातून त्या वेळी काय पडलं होतं?”

“फाईल. सगळे कागद जमिनीवर पसरले. मी गोळा करत बसलो, साहेब माझ्यावर चिडले, आणि तेवढ्यात तू पाणी प्यायलीस आणि तुला सगळं आठवलं.”

“हेही तिथे बसलेला कुणीही सांगेल, सर.”

ओव्हाळांनी रोशनबींकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं आणि घसा खाकरला. “सिद्रा, ती फाईल पडली नव्हती. मी पाडली होती.”

एवढी वर्षं हे ओव्हाळांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पोरीला वाटावं की ती स्वतःच सावरली, आणि तसं पाहिलं तर ती स्वतःच सावरली होती.

“ठेवते, सर,” सिद्रा एवढंच म्हणाली. मागून केसरबाई विचारत होत्या, “काय झालं गं? रडतीस कशापायी? त्यानं काय शिवी दिली का?” आणि फोन बंद झाला.

ओव्हाळ फोनकडे बघत बसले. मेसेज आला नाही, फाईल आली नाही. थोड्या वेळाने पुन्हा लावला तर कुणी उचलेना. मग एकदा उचलला गेला, नुसता वाऱ्याचा आवाज आला आणि बंद झाला. असे बरेच फोन करून झाले. पुढची बस गाडीच्या लांबीएवढी सरकली आणि पुन्हा थांबली.

“वकीलसाहेब,” रोशनबी मागे वळून बघत म्हणाल्या, “ती तुमची केसरबाई न्हाई का?”

“केसरबाई स्कूटरवर बसत नाहीत. त्यांना भीती वाटते.”

“मग भ्यालेलीच हाय ती.”

दोन कंटेनरांच्या मधून, बसच्या दाराला घासत, सिद्राची स्कूटर येत होती. मागे केसरबाई. डोक्यावर उलटं हेल्मेट, डोळे गच्च मिटलेले, एक हात सिद्राच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हाताने पदराखाली काहीतरी छातीशी धरलेलं. सिद्राने प्रत्येक पांढऱ्या गाडीत डोकावत डोकावत शेवटी ओव्हाळांच्या खिडकीशी ब्रेक मारला.

“सर, मला तेव्हाच पटलं होतं,” ती धापा टाकत म्हणाली, “पण मावशी म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. समोर बघूनच द्यायचं. किल्ली देईनात.”

केसरबाई उतरल्या, सावकाश गाडीजवळ आल्या आणि त्यांनी ओव्हाळांना नीट न्याहाळलं. घामाने शर्ट भिजलेला, केस उभे, कोटाची बटणं खाली-वर लावलेली. “हेच आपले,” त्यांनी निकाल दिला. “इतका गबाळा मानूस मुद्दाम कोन बनवंल?” आणि पदराखालून दोडका काढून त्यांनी खिडकीतून आत दिला.

ओव्हाळांनी फाईल उघडली. मेसेज जागेवर होते. त्यांनी समोर पाहिलं. कंटेनर तसाच आडवा होता. त्याच्या बाजूने स्कूटर निघाली असती, गाडी निघाली नसती, आणि जेवणाची सुट्टी आता संपायला आली असणार. फाईल त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. ती सोडायला त्यांना जरा वेळ लागला, कारण असल्या गोष्टी पहिल्यांदा करताना वेळ लागतोच.

“सिद्रा, वकीलपत्रावर तुझंही नाव आहे. तू जा.”

“मी? एकटी?”

“रोशनबींना मागे बसव. म्हणजे एकटी नाही.”

“सर, पण मधेच माझी वाचा बसली तर? तुम्ही तिथे नसाल.”

ओव्हाळांना खूप काही सांगायचं होतं. खंडूशेठचा वकील काय म्हणेल, त्यावर काय बोलायचं, कुठलं पान आधी दाखवायचं. पण तिच्याकडे बघून ते थांबले. ती फाईल त्यांच्यापेक्षा तिला जास्त पाठ होती. “मग पाणी पी,” ते म्हणाले. “आणि पुढे बोल.”

घाईत ती कोर्टात घालायचा गळ्याचा बँड विसरून आली होती. ओव्हाळांनी स्वतःच्या गळ्यातला पांढरा बँड सोडला आणि तिच्या हातात दिला. रोशनबींनी हेल्मेट चढवलं, पदर खोचला, “या अल्ला, पोरीला सांभाळ,” म्हणून स्कूटरवर बसल्या आणि दोघी कंटेनरच्या पलीकडे दिसेनाशा झाल्या. हेल्मेट गेल्यामुळे केसरबाईंना फार बरं वाटत होतं. त्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

नंतरचा वेळ वाईट गेला. ओव्हाळांनी काच खाली-वर करायचं काम पुढे चालू ठेवलं. केसरबाईंनी पिशवीतून शेंगदाणे काढले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते खाल्ले नाहीत, नुसते धरून ठेवले.

“पोरगी जमवंल,” केसरबाई म्हणाल्या.

“मला माहीत आहे.”

“मग काचंचा जीव का घेताय?”

कंटेनर शेवटी क्रेनने बाजूला झाला. गाड्या घरघरायला लागल्या, आणि तेवढ्यात ओव्हाळांचा फोन वाजला. नंबर अनोळखी. त्यांनी तो उचलून कानाला लावला, आणि शेंगदाणे मांडीवर सांडले.

“सर,” पलीकडून आवाज आला, “माझ्या फोनची बॅटरी संपली, तुम्हीच संपवलीत. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याचा फोन आहे. सर, हुकूम कायम झाला. दावा निकाली लागेपर्यंत खंडूशेठला कुलूप लावता येणार नाही. मधे एकदा अडले मी, सर. पण पाणी नाही प्यायले. अडले, आणि पुढे बोलले.”

ओव्हाळ इतक्या मोठ्याने बोलायला लागले की शेजारच्या ट्रकवाल्यालाही सगळं कळलं. रोशनबींना सांग मटकीला फोडणी दे म्हणावं, आज रात्री आम्ही सगळे कुरुळीला खानावळीत जेवायला येतो, हुकमाच्या प्रतीसाठी अर्ज मीच येऊन करतो, नाहीतर असं कर, अर्जाच्या कामाला माझं ओळखपत्र लागलं तर त्याचा नंबर लिहून घे. आणि त्यांनी तो नंबर घडाघडा सांगितलासुद्धा. सिद्राला तो नकोच होता. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या, आणि ओव्हाळ बाहीने डोळे पुसत होते.

फोन ठेवल्यावर केसरबाईंनी मांडीवरचे शेंगदाणे एकेक वेचून पिशवीत भरले.

“नंबर कुनाचा व्हता?”

“माहीत नाही. झेरॉक्सवाल्याचा म्हणाली.”

“बोलनारी सिद्राच व्हती, हे कशावरनं?”

“अहो, तिचा आवाज होता तो.”

“आवाज बनवत्यात. तुमीच शिकवलंय. एक तरी प्रश्न इचारला का तुमी?”

ओव्हाळांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. “नाही.”

“नापास,” केसरबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या वकिलीत ओव्हाळांनी एकही विरुद्ध निकाल अपिलात न जाता सोडला नव्हता. हा मात्र त्यांनी जागच्या जागी मान्य केला.